'आवडत नसेन' : दांपत्यातील देहविषयक शंकेचे भाषिक स्वरूप

१. प्रश्नाचे स्वरूप

"मी आता यांना आवडत नसेन," हे वाक्य मराठी घरांतून मोठ्याने क्वचितच उच्चारले जाते. बाळंतपणानंतर जुने पोलके अंगाला होईनासे झाले, कानशिलाजवळ पहिला पांढरा केस दिसला, किंवा लग्नातील छायाचित्र बऱ्याच वर्षांनी हाती आले, म्हणजे ते मनातल्या मनात उमटते. पुरुषांच्या मनातही ते उमटते. तेथे 'यांना' या शब्दाच्या जागी 'हिला' हा शब्द येतो, एवढाच भेद. मानसशास्त्रात या विषयाचा विचार 'देहप्रतिमा' या संज्ञेखाली केला जातो. आपल्या देहाचे जे चित्र आपण मनाशी बाळगतो ते आरशातील प्रतिबिंबाहून वेगळे असते आणि त्याच्या घडणीत इतर माणसांचाही वाटा असतो, हा विचार व्हिएन्ना येथील वैद्य पाउल शिल्डर यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडला.

इतर माणसांचा हा वाटा देहप्रतिमेत पोहोचतो तो बव्हंशी शब्दांच्या द्वारा. म्हणून भाषेच्या अभ्यासकालाही या प्रश्नात काही सांगावयाचे असू शकते. वर दिलेल्या वाक्याचे क्रियापद पाहावे. 'आवडत नाही' असे येथे म्हटलेले नाही, 'आवडत नसेन' असे म्हटले आहे. 'तो एव्हाना घरी पोहोचला असेल' या वाक्यातील 'असेल' जसे भविष्यकाळ दाखवीत नसून तर्क दाखविते, तसेच हे 'नसेन' आहे. बोलणाऱ्या व्यक्तीला वस्तुस्थिती ठाऊक नाही, ती अंदाज करीत आहे, अशी कबुली क्रियापदाच्या रूपातच दिलेली आहे. तथापि हा अंदाज पुनःपुन्हा मनाशी घोळविला म्हणजे 'नसेन' चे 'नाही' केव्हा होते हे त्या व्यक्तीला कळतही नाही. तर्काचे निश्चयात होणारे हे रूपांतर कोणत्या शब्दांच्या आधारे घडते आणि ते कोठे थांबविता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. पिंपरी-चिंचवड व चाकण : पार्श्वभूमी

या विचारासाठी पिंपरी-चिंचवड व चाकण हा पट्टा सोयीचा आहे. चिंचवड मोरया गोसावींच्या समाधिस्थानामुळे, देहू तुकारामांमुळे, आळंदी ज्ञानेश्वरांच्या समाधीमुळे आणि चाकण तेथील भुईकोट किल्ल्यामुळे व कांद्याच्या बाजारामुळे पूर्वीपासून प्रसिद्ध होते. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी या गावांच्या शिवारांत कारखान्यांची दाटी झाली. १९८२ साली येथे महानगरपालिका आली. पुढे मोटारींच्या कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोहोचली. तेथील फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड शहराची लोकसंख्या सुमारे १७ लाख २७ हजार भरली. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्र आणि हिंदीभाषी प्रांत येथून आलेल्या कुटुंबांचा त्यात मोठा वाटा आहे.

या स्थलांतराचा प्रस्तुत विषयाशी दोन प्रकारे संबंध येतो. पहिला, नव्या विवाहित जोडप्याचे घर येथे पुष्कळदा दोघांचेच असते. गावाकडे सुनेच्या अंगकाठीवर बोलणारी माणसे घरात पुष्कळ असतात आणि 'बाळंतीण अशीच दिसायची' म्हणून तिची समजूत घालणारी एखादी आत्याही असते. भोसरीच्या किंवा चाकणच्या भाड्याच्या खोलीत ही दोन्ही प्रकारची माणसे नसतात. टोमणा दूरध्वनीवरून पोहोचतो, परंतु समजूत पोहोचतेच असे नाही. दुसरा संबंध कारखान्याच्या वेळापत्रकाचा. 'पहिली पाळी', 'दुसरी पाळी', 'रात्रपाळी' हे शब्द येथील घरांत चहापाण्याच्या शब्दांइतके नेहमीचे आहेत. पाळी म्हणजे क्रमाने येणारी वेळ. कारखान्यातील कामाच्या वेळेला आणि स्त्रीच्या मासिक ऋतूला मराठीत तो एकच शब्द लागतो. पाळ्या आलटून पालटून असल्या म्हणजे पतिपत्नी एकमेकांना दिवसाच्या उजेडात स्वस्थपणे पाहतात ते सुटीच्या दिवशीच. एक जागे असते तेव्हा दुसरे निजलेले असते. दमून निजलेल्या माणसाची पाठ ही केवळ दमलेली पाठ असते. परंतु जिच्या मनात 'नसेन' हा शब्द घर करून आहे, तिला त्या पाठीतही उत्तर दिसते.

३. 'पाहणे', 'दाखविणे' आणि 'पसंती'

देहाकडे पाहण्याची जी शब्दावली विवाहित माणसे मनाशी बाळगतात तिचा मोठा भाग विवाहापूर्वीच त्यांना मिळालेला असतो. 'मुलगी पाहणे' आणि 'मुलगी दाखविणे' या दोन प्रयोगांत मुलगी हे कर्म आहे. पाहणारा व दाखविणारा हे कर्ते निराळे. 'मुलगी पसंत पडली' या प्रयोगात ती कर्त्याच्या जागी येते खरी, पण तेथेही तिने काही केलेले नसते. पूर्वी 'दाखविण्याचा कार्यक्रम' या नावाने चालणाऱ्या या रीतीला आता 'कांदेपोहे' असे गमतीचे नाव मिळाले आहे; तथापि क्रियापदे तीच राहिली आहेत.

या प्रसंगी नकार कोणत्या शब्दांत दिला जातो हे विशेष लक्षणीय आहे. 'पत्रिका जुळत नाही', 'योग दिसत नाही', 'मुलाला इतक्यात करावयाचे नाही', ही नकाराची सभ्य रूपे होत. समोरच्याचे मन दुखवू नये हा त्यांमागील हेतू चांगलाच आहे. परंतु त्यांचा एक परिणाम असा की, खरे कारण कोणते याचा अंदाज करण्याचे काम मुलीकडे येते आणि तिचा अंदाज सहसा स्वतःच्या रंगाकडे, उंचीकडे किंवा जाडीकडे वळतो. तात्पर्य, न सांगितलेल्या गोष्टीत आपल्या देहाविषयीचा निकाल वाचण्याचे शिक्षण तिला लग्नापूर्वीच मिळालेले असते. लग्नानंतर पतीच्या मौनाचा अर्थ लावताना ती याच शिक्षणाचा उपयोग करते.

वधूवरांच्या जाहिरातींनी रंगाची एक उतरंडच तयार केली आहे : गोरा, उजळ, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा. या उतरंडीत 'काळा' हा शब्द बहुधा छापला जात नाही. त्याच्या जागी 'नाकीडोळी नीटस' हा शब्दप्रयोग येतो आणि वाचणारा काय ते समजतो. वस्तुतः 'सावळा' हा शब्द संस्कृत 'श्यामल' पासून प्राकृत 'सामल' या रूपाच्या द्वारा मराठीत आला आणि मराठी भक्तिपरंपरेत त्याच्याइतके प्रेम क्वचितच दुसऱ्या एखाद्या वर्णवाचक शब्दाच्या वाट्याला आले असेल. पंढरीचा विठ्ठल सावळा आहे. देहूच्या इंद्रायणीकाठी ज्या शब्दाने देवाचे लावण्य वर्णिले गेले, तोच शब्द काही मैलांवरील वधूवर-सूचक मंडळाच्या अर्जात उणेपणा झाकण्याकरिता वापरावा लागतो. 'ध्यान' या शब्दाचीही हीच गत झाली. अभंगांत 'ध्यान' म्हणजे डोळे भरून पाहावे असे देवाचे रूप. रोजच्या बोलण्यात 'काय ध्यान आहे!' म्हणजे हसू यावे असे रूप. शब्द तोच राहिला आणि पाहणाऱ्याची दृष्टी बदलली. या दोन्ही उदाहरणांचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

बाजारानेही या उतरंडीचा लाभ घेतला. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ साली भारतात विक्रीस आले आणि २०२० साली त्याच्या नावातून गोरेपणाचा शब्द काढून टाकण्यात आला. त्याच वर्षी 'शादी डॉट कॉम' या विवाहविषयक संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. उतरंडीचे नाव बदलले की उतरंड मोडते असे मात्र नव्हे.

४. देहाच्या पालटाची क्रियापदे

विवाहानंतर देह पालटतो, हा निसर्गक्रम होय. या पालटाचे वर्णन करणारी मराठी क्रियापदे पाहिली असता एक चमत्कारिक विसंगती आढळते. 'पोट सुटले', 'अंग भरले', 'केस गळले', 'चेहरा उतरला', 'अंगावर मांस चढले' : यांतील प्रत्येक क्रियापद अकर्मक आहे. पोट आपण होऊन सुटते, केस आपण होऊन गळतात. ते कोणी केले असे भाषा म्हणत नाही. परंतु हाच मजकूर माणसाला उद्देशून बोलला गेला की लगेच आरोपाचे रूप घेतो. 'किती सुटलीस!' या उद्गारात पोटाच्या जागी संपूर्ण माणूस कर्ता होऊन बसतो.

बारीक होण्याची गोष्टही तशीच. 'किती खराब झालीस!' असे म्हणणाऱ्या बाईचा रोख पुष्कळ वेळा केवळ वजन उतरल्याकडे असतो, पण शब्द मात्र 'खराब' हा येतो. 'तब्येत' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ स्वभाव किंवा प्रकृती. मराठीत 'तब्येत चांगली झाली' याचा अर्थ प्रकृती सुधारली असा होतो, तसाच वजन वाढले असाही होतो. कोणता घ्यावयाचा हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवावे लागते. शब्दांची ही संदिग्धता निरुपद्रवी नाही. कौतुक आणि कुचेष्टा एकाच शब्दात सामावत असल्यामुळे, ज्याचे मन आधीच साशंक आहे तो त्यातून कुचेष्टाच निवडून घेतो.

पुरुषांविषयीची शब्दसंपत्ती वरवर पाहता सौम्य वाटते. पुरुषाचे रूप पाहू नये, कर्तृत्व पाहावे, अशी जुनी समजूत आहे. परंतु 'टकल्या', 'काटकुळा', 'बुटका', 'ढेरपोट्या' हे शब्द मराठीत कमी वापरले जात नाहीत. वरील समजुतीमुळे एवढेच होते की, असा शब्द लागलेल्या पुरुषाला आपण दुखावलो हे म्हणण्याची सोय राहत नाही. मग तो आपले मोल अन्यत्र शोधतो. या औद्योगिक पट्ट्यात स्थळ पाहताना 'मुलगा कंपनीत कायम आहे की कंत्राटी?' हा प्रश्न पहिल्या बैठकीतच येतो. कंत्राट संपलेला तरुण पत्नीसमोर अंग चोरून वागू लागतो तेव्हा, ही शंका नोकरीची की देहाची, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. दुसऱ्या टोकाला, गुंठ्यागुंठ्याने जमीन विकून श्रीमंत झालेल्यांना लोकभाषेने 'गुंठामंत्री' हे उपरोधिक नाव दिले. त्या नावाबरोबर डोळ्यांसमोर येणारा गळ्यातील सोन्याचा जाड गोफ, हाही दिसण्याविषयीच्या चिंतेचा एक आविष्कार मानता येईल.

५. 'आवडणे' या क्रियापदाची रचना

आता मूळ वाक्यातील 'आवडणे' या क्रियापदाकडे वळू. 'ती त्याला पाहते' आणि 'ती त्याला आवडते' ही दोन वाक्ये कानाला सारखी वाटतात. त्यांची घडण मात्र अगदी उलट आहे. पहिल्यात 'ती' काहीतरी करते. दुसऱ्यात क्रियापद 'ती' शी जुळते खरे, परंतु ती काहीच करीत नाही. जे काही घडते ते 'त्याला' घडते. 'भूक लागणे', 'आठवणे', 'वाटणे' ही क्रियापदे याच कुळातील होत. 'आवडणे' याला आज्ञार्थ नाही, ही याची खूण समजावी. 'त्याला पाहा' असे सांगता येते; 'त्याला आवड' असे कोणी कोणाला सांगू शकत नाही. आवडणे हे करावयाचे काम नव्हेच.

ही गोष्ट प्राचीन वैयाकरणांच्या ध्यानात आलेली होती. 'रुच्' या अर्थाच्या धातूंच्या योगे, ज्याला एखादी वस्तू रुचते त्याला पाणिनीने 'संप्रदान' ही संज्ञा दिली आणि त्यामुळे तेथे चतुर्थी विभक्ती येते. टीकाकारांनी यासाठी दिलेले उदाहरण देवदत्ताला मोदक आवडण्याचे आहे. या उदाहरणात मोदक हा कर्ता आहे. परंतु रुचीचा अनुभव देवदत्ताचा आहे आणि मोदक कसा लागला हे सांगण्याचा अधिकारही त्याचाच आहे. मोदकाला विचारून ते कळावयाचे नाही. 'मी यांना आवडत नसेन' या वाक्यात मोदकाच्या जागी बोलणारे माणूस आहे, आणि देवदत्ताला न विचारता त्याच्या रुचीविषयी ते बोलत आहे. वाक्याची अडचण नेमकी येथे आहे.

मराठी लोकपरंपरेनेही हे तत्त्व ओळखले होते. श्रावणी सोमवारच्या शिवामुठीच्या कहाणीत राजाच्या चार सुना आहेत. तिघी आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टे अन्न, जाडेभरडे वस्त्र आणि गुरे राखण्याचे काम मिळते. ती काळी की गोरी, लठ्ठ की कृश, याविषयी कहाणी एक अक्षर बोलत नाही. नावडतेपण तिच्या अंगावरची खूण नाहीच. ते घराच्या दृष्टीत आहे. व्रत करताना ती रूप मागत नाही, आपण सासरच्या माणसांना व पतीला आवडती व्हावे एवढेच मागते. पतीचे नाव त्या मागणीत एकटे येत नाही, साऱ्या घराबरोबर येते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

'नावडतीचे मीठ अळणी' ही म्हण याहून नेमकी आहे. तिच्यातील शब्दांचा इतिहास पाहिला असता ती प्रस्तुत विषयाशी अनपेक्षितपणे जुळते. 'अळणी' हा शब्द संस्कृत 'अलवण' यापासून आलेला आहे. त्याच 'लवण' शब्दापासून संस्कृतात 'लावण्य' हा शब्द झाला. खारटपणा या अर्थावरून तो रूपाच्या गोडव्यापर्यंत पोहोचला. हिंदीतील 'सलोना' हा शब्दही 'सलवण' यापासूनच आला आहे. मिठाने अन्नाला जी चव येते ती रूपाच्या ठिकाणी कल्पून हे शब्द घडले. म्हणजे लावण्य आणि अळणी हे मुळात एकमेकांचे विरुद्धार्थी शब्द होत. म्हण असे सांगते की मीठ मुळात खारटच आहे. ते अळणी लागते ते चाखणाऱ्याच्या मनामुळे. सावळा आणि ध्यान या शब्दांच्या बाबतीत हेच दिसून आले. रूप आणि रुची या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि पहिलीवरून दुसरीचा निष्कर्ष काढणे ही तर्कदृष्ट्या चूक आहे.

६. दांपत्यातील मौन

असे असता देवदत्ताला विचारले का जात नाही? याचे एक कारण दांपत्याच्या पारंपरिक भाषेत सापडते. जुन्या पिढीतील स्त्री पतीचे नाव घेत नसे. ते उखाण्यातच घ्यावयाचे, तेही चारचौघांच्या आग्रहाने. संबोधन 'अहो' चे. उल्लेख 'इकडून', 'स्वारी' अशा शब्दांनी व्हावयाचा. 'इकडून येणे झाले' या प्रयोगात तर येणारा कर्ताच लपविलेला आहे. पतीकडूनही 'अगं' किंवा 'ऐकलंस का' यापलीकडे संबोधन जात नसे. या रीतीत आदर होता, लाडिकपणाही होता. परंतु दोघांनी एकमेकांच्या देहाविषयी सरळ बोलण्याची वाट तिच्यात नव्हती. आज पुष्कळ घरांत पतीला नावाने हाक मारली जाते. तथापि संबोधन बदलले म्हणून कौतुकाची भाषा आपोआप आली असे दिसत नाही.

दुसरे कारण दृष्टीच्या समजुतीचे. उघड स्तुती केली की दृष्ट लागते, म्हणून मुलाच्या गालावर तीट लावावयाची आणि सुनेला 'बरी आहे' एवढेच म्हणावयाचे, अशी मराठी घराची चाल. 'बरी' या शब्दात येथे पुष्कळ प्रेम दडलेले असू शकते. स्तुतीचा संकोच हा नावडीचा पुरावा नव्हे. परंतु अनोळखी माणसांची मुक्त स्तुती दिवसभर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहणाऱ्या पिढीला 'बरी दिसतेस' हे शब्द अपुरे वाटल्यास नवल नाही. जुन्या भाषेतील संयम आणि नव्या पडद्यावरील अतिशयोक्ती यांच्यामध्ये पतिपत्नींचे स्वतःचे असे शब्द राहत नाहीत. ती रिकामी जागा मग जाहिरातीतील आणि कांदेपोह्यांतील शब्द भरून काढतात. पतीचा अभिप्राय ठाऊक नसल्यामुळे पत्नी वधूपरीक्षेचा अभिप्राय त्याच्या तोंडी घालते.

७. अंदाज आणि वस्तुस्थिती

हा अंदाज कितपत खरा ठरतो याविषयी काही संशोधन उपलब्ध आहे. १९८५ साली अमेरिकेत फॅलन आणि रोझिन या संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे कृशापासून स्थूलापर्यंत क्रमाने मांडलेल्या आकृत्या ठेवल्या. आपण सध्या कसे आहोत, कसे असावे असे वाटते, आणि भिन्नलिंगी व्यक्तींना कोणती आकृती अधिक आवडत असेल, असे प्रश्न त्यांना विचारले. पुरुषांना आवडत असेल म्हणून स्त्रियांनी जी आकृती निवडली, ती पुरुषांनी स्वतः निवडलेल्या आकृतीहून कृश होती. पुरुषांचाही स्त्रियांच्या आवडीविषयीचा अंदाज चुकला. त्यांनी निवडलेली आकृती स्त्रियांनी निवडलेल्या आकृतीहून भरदार होती. मरे, होम्स आणि ग्रिफिन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्यांना स्वतःविषयी कमीपणा वाटतो ती माणसे आपला जोडीदार आपल्याला किती चांगले मानतो याचा अंदाज वस्तुस्थितीपेक्षा खाली करतात, आणि त्या अंदाजामुळे स्वतःच दूर सरकतात. हे निष्कर्ष परदेशांतील आहेत. भोसरीच्या किंवा चाकणच्या जोडप्यांना ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी 'नसेन' हा अंदाज चुकू शकतो आणि तो बहुधा एकाच दिशेने चुकतो, एवढे त्यांवरून म्हणता येते.

मराठी समाजात या शंका पूर्वी नव्हत्या असे नाही. त्या विचारण्यास जागा नव्हती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले आणि त्यात कामजीवनाविषयीच्या वाचकांच्या खाजगी शंकांना उत्तरे दिली. अशा उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू न्यायालयात मांडली. तरीही कर्व्यांना दंड झालाच. वाचक जे घरात बोलू शकत नव्हते ते मासिकाला लिहीत होते आणि त्याला उत्तर देणे हा गुन्हा ठरत होता, ही या मौनाची खोली होय.

मौनाचे मोल पुढे देहालाच द्यावे लागते. गोरे होण्याच्या आशेने वैद्याच्या सल्ल्यावाचून स्टेरॉइडयुक्त मलमे लावल्याने त्वचा पातळ होते, लाल पडते, चेहऱ्यावर लव आणि पुरळ येतात. हा गैरवापर वाढल्यामुळे २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांची चिठ्ठीवाचून होणारी विक्री रोखणारा नियम केला. काही मलमांतील पारा तर मूत्रपिंडापर्यंत इजा करतो. कोणी जेवण तोडते. कोणी दिवा मालविल्याखेरीज जवळ येऊ देत नाही. कोणी स्तनातील गाठ दाखविण्यासही संकोचते. ज्या देहाची लाज वाटते त्याची निगा राखली जात नाही.

८. उपसंहार

या विवेचनावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. 'मी किती जाड झाले!' असे पत्नी म्हणाली असता 'छे, तू बारीकच आहेस' असे उत्तर देण्याचा प्रघात आहे. ते सद्हेतूने दिलेले असले तरी निष्फळ ठरते. कारण ते तिच्या देहाविषयीचे विधान आहे. आरसा आणि वजनकाटा यांचा पुरावा तिच्याजवळ अधिक आहे, आणि बारीक असणे हीच कसोटी हेही त्या उत्तराने मान्य केलेले असते. 'तू सुंदर आहेस' या विधानालाही तिला हरकत घेता येते. परंतु 'मला तू आवडतेस' हे विधान निराळ्या जातीचे आहे. ते तिच्या देहाविषयी नसून बोलणाऱ्याच्या अनुभवाविषयी आहे, आणि त्या अनुभवाचा साक्षी तो एकटाच आहे. संप्रदानाने स्वतः दिलेली ही साक्ष खोडून काढण्यास आरसा समर्थ नाही. तीच गोष्ट कंत्राट संपलेल्या, केस विरळ झालेल्या पतीला पत्नीने म्हणावयाच्या वाक्याची. रात्रपाळीहून आल्यावर चहाच्या वेळी हे वाक्य बोलण्यास क्षणभर पुरतो. संकोच असतो तो क्षणाचा नव्हे, सवयीचा.

भाषेच्या विचाराला मर्यादा आहेत, हेही नमूद केले पाहिजे. पती किंवा सासरची माणसे रूपावरून नित्य हिणवीत असतील तर तेथे अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने अपमान आणि उपहास यांचा समावेश शाब्दिक व भावनिक छळात केलेला आहे, आणि तेथे आश्रय कायद्याचाच घ्यावा लागतो. शंकेपायी अन्न तुटले, झोप गेली, घराबाहेर पडणे थांबले, तर वैद्याकडे जाणे अवश्य आहे. प्रत्यक्षात आवड ओसरलेली असणे हेही अशक्य नाही. परंतु तेही विचारल्यावाचून कळत नाही, आणि तिचे कारण देहच असेल असेही नाही.

बहुसंख्य घरांतील गोष्ट मात्र याहून साधी असते. तेथे एकाच्या मनात 'नसेन' असते आणि दुसऱ्याच्या मनात ते असल्याची कल्पनाही नसते. 'मी यांना आवडत नसेन' या वाक्याला स्वगत म्हणून उत्तर मिळत नाही. तेच वाक्य 'मी तुम्हाला आवडते ना?' असे समोर बसून विचारले म्हणजे तर्काचे क्रियापद गळून पडते, प्रश्नाचे येते, आणि ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याच्याकडे प्रश्न पोहोचतो.